'घराघरात बंदूक' म्हणणाऱ्या फॉरवर्डला माझं उत्तर

'सज्जनांच्या हातात बंदूक द्या, गुन्हेगारी आठवड्यात संपेल' अशा मथळ्याचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो येऊन गेला होता, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. परवा मात्र माझ्या दादाने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'पोरीसाठी परवाना काढायचा विचार आहे. कमिशनर ऑफिसात कोणाची ओळख आहे का?' भाची ऐरोलीत नोकरीला आहे. सेकंड शिफ्ट संपवून रात्री उशिरा ट्रान्स-हार्बरने घरी येते. बाप म्हणून दादाला काळजी वाटते ते मला कळतं. पण त्या काळजीचा असा फायदा घेतलेला मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसले.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: मुलींच्या पर्समध्ये पिस्तूल हवं. स्वित्झर्लंड आणि इस्रायलमध्ये घरोघरी बंदुका आहेत म्हणून तिथे गुन्हे होत नाहीत. गुंडांकडे कट्टे असतातच, कायदा फक्त सज्जनांचे हात बांधतो. 26/11 ला सीएसटीवर लोकांकडे शस्त्रं असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. शस्त्रबंदी इंग्रजांनी आणली आणि गांधीजींचाही तिला विरोध होता. ऑस्ट्रेलियाने बंदुका काढून घेतल्या आणि पस्तावला. शिवाय चाकूनेही खून होतात, मग चाकूवरही बंदी घालणार का?

पर्समधल्या पिस्तुलापासून सुरुवात करते, कारण दादा त्यालाच भुललाय. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने 2014 साली खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. फॉरवर्डमध्ये त्याचा फोटो आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, म्हणजे एनसीआरबीचे आकडे त्यात कुठेच नाहीत. त्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते: बलात्काराच्या 95 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन देणारा, नोकरीवरचा साहेब. सख्खा काका खोलीत आला म्हणून कुठली मुलगी पर्स उघडून नेम धरणार आहे? आणि उरलेल्या प्रसंगांत, समजा स्टेशनबाहेर कोणी पर्सच खेचली, तर चोराच्या हाती भरलेलं रिव्हॉल्व्हर लागलं. संध्याकाळी ठाण्याला गाडीत चढताना ओढणीसुद्धा जागेवर राहत नाही. त्या रेट्यात माझ्या भाचीने खांद्याला सहा गोळ्या लटकवून उभं राहायचं, असं यांचं म्हणणं आहे.

पुढचं जास्त गंभीर आहे. घरात आणलेली बंदूक चालते कोणावर? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या दीड कोटीहून जास्त प्रौढांची 2004 ते 2016 या काळातली माहिती तपासली आणि 2022 मध्ये निष्कर्ष छापले. हे सगळे स्वतःकडे बंदूक नसलेले लोक. त्यांतले काही अशा घरात राहत होते जिथे दुसऱ्या कोणाकडे तरी हँडगन होती, बाकीच्यांच्या घरात ती नव्हतीच. बंदूकवाल्या घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सुमारे सातपट, आणि अशा मेलेल्यांत 84 टक्के बायका. बंदुकीमुळे घरच्यांना संरक्षण मिळालं, याचा पुरावा काही सापडला नाही. दादा, हे वाक्य दोनदा वाच. ज्या बायकांच्या नावाने हा फॉरवर्ड गळा काढतोय, त्याच बायका घरातल्या बंदुकीने मरतात. आपल्याकडे किती घरांत रात्री आदळआपट होते, ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना विचारावं. ती घरंही 'सज्जनांची'च असतात, आणि नवरा परवान्याच्या अर्जावर स्वतःला सज्जनच म्हणवणार.

कॅलिफोर्निया लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगते. 22 एप्रिल 2006 च्या सकाळी प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडणारे प्रवीण महाजन ठाण्यातच राहायचे. सख्खा भाऊ, आणि हातात परवान्याचं पिस्तूल. प्रमोद महाजन 3 मे रोजी गेले. 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी घुसली ती त्याच्या स्वतःच्या, परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, राहत्या घरी.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात एका बाजूला गुंड आणि दुसऱ्या बाजूला सज्जन अशी सरळ वाटणी आहे. एनसीआरबीच्या 2022 च्या अहवालात देशात 28,522 खून नोंदलेत. त्यांतले 9,962 'वादातून' झालेले, सगळ्यात मोठा आकडा हाच. वैर किंवा सूडातून 3,761. पैशाच्या किंवा मालाच्या लोभापोटी झालेले फक्त 1,884. म्हणजे दरोडेखोरापेक्षा भांडणारा माणूस आपल्याला कितीतरी जास्त मारतो.

आमच्या सोसायटीत मागच्या पावसाळ्यात स्टिल्टमधल्या पार्किंगवरून जुंपली होती. एकाची स्कूटर दुसऱ्याच्या पांढऱ्या पट्ट्यात आली, एवढंच कारण. बाचाबाची झाली, आईबहिणीवरून शिव्या झाल्या, मग एक गृहस्थ तरातरा लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेले आणि मुलाची टेनिस बॉलची बॅट घेऊन खाली आले. लिफ्ट वर जाऊन खाली यायला जो वेळ लागला तेवढ्यात त्यांचा राग ओसरला नव्हता. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा बसायच्या आत वॉचमनने मागून कवळा घातला, बायका खाली धावल्या, बॅट हिसकावून घेतली. खांद्याचं हाड चिरकलं, गळ्यात पट्टा आला, पोलीस ठाण्यात दोघांचे जबाब झाले. आज दोघंही गणपतीची वर्गणी काढायला एकत्र फिरतात. चौथ्या मजल्यावरच्या कपाटात पिस्तूल असतं तर वॉचमन काय करणार होता? 'चाकूवरही बंदी घालणार का' या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. चाकू, बॅट, कोयता यांना जवळ यावं लागतं. तेवढ्यात माणूस पळू शकतो, कोणी मध्ये पडू शकतं. गोळीपुढे मध्ये पडणाराही मरतो.

तेही जाऊ द्या. 2 फेब्रुवारी 2024 ला आपल्याच जिल्ह्यात, उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. कारण जमिनीचा वाद, आणि गुन्हा दाखल झाला तो एका आमदारावर. पोलीस ठाण्यात जे थांबवता आलं नाही, ते जिन्यात कोण थांबवणार?

कट्ट्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तेवढा मी मान्य करते. गावठी कट्टे आणि जिवंत काडतुसं पकडल्याच्या बातम्या ठाण्यात आणि नवी मुंबईत येतच असतात. तो गुंड परवाना मागायला जात नाही, हे खरं. पण म्हणून बाजारात आणखी बंदुका ओतायच्या? हिललाइननंतर सहाच दिवसांनी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. मारणाऱ्याकडे स्वतःचा परवाना नव्हता. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवाना अंगरक्षकाच्या नावावर होता. परवान्याची बंदूक परवानाधारकाच्याच हातात राहते, या समजुतीचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलिसांकडे जमा करायला सांगतात, तेही याच धास्तीपोटी.

स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच घरांत बंदुका दिसतात, कारण तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे. बंदुकीने होणारे खून तिथे कमी आहेत, हेही खरं. पण सैनिकांनी गोळ्या घरी ठेवायची पद्धत त्यांनी 2007 मध्येच बंद केली आणि पिस्तूल बाळगून रस्त्यावर फिरायचं तर परीक्षा देऊन वेगळा परवाना घ्यावा लागतो. इस्रायलचं उदाहरण तर फॉरवर्डच्या अंगावरच उलटतं. तिथल्या लष्कराने 2006 च्या सुमारास सैनिकांना सुट्टीत रायफल घरी न्यायला मनाई केली, आणि सैनिकांच्या आत्महत्या 40 टक्क्यांनी घटल्या. तीच पोरं, तोच ताण, फक्त वाईट क्षणी हत्यार हाताशी नव्हतं. बंदुकांनी सुरक्षितता येत असती तर अमेरिका जगात सगळ्यात सुरक्षित असायला हवी होती. माणसांपेक्षा बंदुका जास्त असलेल्या त्या देशात 2021 या एका वर्षात 48,830 माणसं गोळीने मेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या.

26/11 बद्दल एवढंच की त्या रात्री कमतरता होती ती पोलिसांकडच्या हत्यारांची. स्थानकातल्या धावपळीत आणखी पन्नास घाबरलेल्या माणसांनी पिस्तुलं काढली असती तर कोण कोणावर झाडतंय हे पोलिसांना कळलं नसतं. इंग्रजांचा 1878 चा शस्त्र कायदा अन्यायकारक होताच, कारण तो गुलामांना नि:शस्त्र ठेवण्यासाठी होता. आजचा 1959 चा कायदा आपल्याच संसदेने केलाय. आणि त्या कायद्याविरुद्धचं गांधीजींचं वाक्य पहिल्या महायुद्धातल्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे, पर्समधल्या पिस्तुलाशी त्याचा संबंध नाही.

ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. त्याआधीच्या 18 वर्षांत तिथे सामूहिक हत्येचे 13 गोळीबार झाले होते, नंतर 2016 पर्यंत एकही नाही. डिसेंबर 2025 मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर गोळीबारात 15 जण मारले गेले, हे लपवायचं कारण नाही. तिथल्या दोन मारेकऱ्यांपैकी एकाकडे परवान्याच्या बंदुका होत्या, आणि त्यावर तिथलं सरकार कायदा आणखी कडक करायला निघालं.

आता भाचीचं. दादा, 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात लिहिलंय की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायला वाहन द्यावं लागतं. तिची कंपनी तिला स्टेशनला सोडून मोकळी होते. काल तिच्याशी बोलून मी एचआरला द्यायचं पत्र लिहिलं आहे. त्यावर तिच्या शिफ्टमधल्या बाकीच्या मुलीही सह्या करणार आहेत. कमिशनर ऑफिसातली ओळख शोधू नकोस, कामगार खात्यात कोण ओळखीचं आहे ते बघ. कंपनीने पत्राला उत्तर दिलं नाही तर तिथेच जावं लागेल.