बेटाचा उतारा कुणाच्या नावावर?

परवा आमच्या मंडळाचा बक्षीस समारंभ झाला. सजीव देखाव्यातल्या खलनायकाला शाल, श्रीफळ आणि हातभर उंचीची ट्रॉफी. पडदा ओढणाऱ्या पोराला स्टीलचा टिफिन. टेबलफॅन ज्यांच्या घरून आणला त्या काकूंचा नाव घेऊन सत्कार. आणि मी? ज्याच्या नावावर अख्खा देखावा उभा होता, ज्यानं भाद्रपदातल्या घामट हवेत रोज संध्याकाळी पत्र्याचं चिलखत चढवून एक आलिशान बेट वाचवलं, तो ‘इतर सहकलाकार’! इतरांना मिळून एकच प्रमाणपत्र होतं, ते कोण घेऊन गेला कुणास ठाऊक.

हे सगळं खजिनदारांच्या भाच्यामुळं झालं. पोरगा इंजिनियरिंगला आहे, म्हणजे मे महिन्यापासून रिकामाच. बेळगावात गणपतीचा देखावा ही काय साधी गोष्ट नव्हे. टिळकांच्या प्रेरणेनं 1905 साली झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून प्रत्येक गल्लीला शेजारच्या गल्लीपेक्षा काहीतरी भारी करायचंय. अफझलखान झाला, पन्हाळा झाला, पलीकडच्या गल्लीनं थर्माकोलचं चांद्रयान सोडून आमचं नाक कापलं. तेव्हा हा भाचा कमिटीत म्हणाला, ‘आयर्न मॅन करूया. समुद्रात बेट, बेटावर श्रीमंतांचं रिसॉर्ट, एक आग ओकणारा दहशतवादी ते जाळायला येतो आणि आपला लोखंडी हिरो वाचवतो.’ खजिनदारांनी हिशेब घातला. वाळू बांधकामावरून फुकट, झावळ्या फुकट, आग म्हणजे केशरी सॅटिनच्या पट्ट्या आणि खालून टेबलफॅन. ठराव मंजूर.

चिलखत उद्यमबागेत लेथ चालवणाऱ्या एका मित्रानं पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांतून बनवलं. आमच्याकडं विमानाचे सुटे भाग बनवून परदेशात पाठवतात, खरं मला मिळाला शेंगतेलाचा डबा. बाहेरून घासून काढला होता, आतून ‘डबल फिल्टर्ड’ तसंच होतं. मी रंगाचं विचारलं तर भाच्यानं ज्ञान पाजळलं. म्हणे, 1963 साली कॉमिकात आयर्न मॅन पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं चिलखत राखाडीच होतं, मग सोनेरी झालं, लाल-सोनेरी त्याच वर्षाच्या शेवटी आलं. हे म्हणे खरं आहे. असेलही. खजिनदारांना तेवढंच हवं होतं. लाल रंगाचे पैसे वाचले आणि वर ‘आपण मूळ रूप दाखवतोय’ म्हणून अहवालात लिहायची सोय झाली. मला निवडलं ते अभिनयासाठी नव्हे. कमिटीतल्या बाकी कुणाचं पोट त्या डब्यात मावेना.

रिसॉर्टच्या पाटीवरून मात्र रात्री बारापर्यंत खल झाला. 2024 पासून दुकानांच्या, हॉटेलांच्या पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे. आता अमेरिकेतल्या कॉमिकातल्या, समुद्रातल्या, थर्माकोलच्या हॉटेलाला तो लागतो का? एकजण म्हणाला, लागत नाही. दुसरा म्हणाला, लागत नाही हे तू काळं फासायला येणाऱ्याला समजावून सांग. शेवटी पेंटरनं टेप लावून पाटी मोजली, साठ टक्क्यांवर कन्नड, उरलेल्यात दोन ताडाची झाडं आणि इंग्रजी. मराठीला जागा उरली नाही. गल्ली मराठी, मंडळ मराठी, गणपतीसुद्धा आमच्याशी मराठीतच बोलत असावा, पण बेट वाचवताना मराठी कुठंच नव्हती. यावर कुणी काही बोललं नाही. आम्हाला सवय आहे.

असो. आता त्या संध्याकाळचं सांगतो.

सातव्या दिवसाची गर्दी. शहापुरापासून लोक चालत आले होते. टेप सुरू होती, ‘आणि मग त्या अथांग सागरातून...’ आणि लाईट गेली. टेप थांबली, फॅन थांबला, दहशतवाद्याची आग लोंबून त्याच्या पायात पडली. तो सरळ वाळूत मांडी घालून बसला आणि कुणीतरी त्याला चहा दिला. मला बसता येईना, कारण गुडघ्याच्या बिजागऱ्या एकाच बाजूला वळतात आणि ती बाजू बसायची नव्हे. शिरस्त्राण मागून स्क्रूनं बसवलेलं. स्क्रू ड्रायव्हर ज्याच्या खिशात तो जनरेटरला डिझेल आणायला गेलेला. अख्ख्या मांडवात उजेड म्हणजे काय तो माझ्या छातीवर बसवलेला बॅटरीचा गोल दिवा. कॉमिकातल्या खऱ्या हिरोलासुद्धा सुरुवातीच्या काळात छातीची पट्टी भिंतीतल्या सॉकेटला पिन लावून चार्ज करावी लागायची. तो अमेरिकेत होता म्हणून जगला.

तेवढ्यात छातीवर टण्ण वाजलं.

समोर दोरीच्या अलीकडं येऊन एक आज्जा उभा होता. धोतर, पांढरी टोपी, बगलेत कसलीशी कापडी पिशवी, आणि हातात लांब दांड्याची छत्री, जिच्या टोकानं त्यानं मला वाजवून बघितलं होतं.

‘आत माणूस हाय काय गा?’

‘हाय आज्जा,’ मी आतून म्हणालो.

‘गाव कुठलं?’

मागून एक पोरगं ओरडलं, ‘अमेरिका, आज्जा! आयर्न मॅन हाय त्यो!’

‘तू गप. मी ह्याला विचारूलोय. गाव कुठलं?’

‘अनगोळ.’

‘अनगोळात कुणाचा?’

मी सांगितलं. इथून पुढं माझ्या आजोबांची भाऊबंदकी, आईचं माहेर, एका चुलत मामाची 1980 च्या सुमाराला विकलेली म्हैस आणि ती विकायला नको होती हा मुद्दा, एवढं सगळं झालं. मी पत्र्यात उभा. घाम पाठीवरून खाली उतरून कुठं जात होता ते मी सांगत नाही. माझ्यामागं एक पेटतं बेट, समोर शंभरेक माणसं, आणि हा गडी माझं सोयरिकीचं झाड काढतोय. बरं, लोकही पुढं सरकेनात. त्यांनाही म्हशीत रस.

‘पगार किती देत्यात ह्याचा?’

‘पगार न्हाई आज्जा. मंडळाचं काम हाय.’

‘फुकट?’ त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘सोसायटीत क्लार्क हायस म्हणालास न्हवं?’ मी म्हणालो नव्हतो. त्याला कुठून कळलं देव जाणे.

मग छत्रीचं टोक बेटाकडं वळलं.

‘हे काय?’

‘बेट हाय. समुद्रातलं. वर रिसॉर्ट हाय, मोठ्या लोकांचं.’

‘कुठल्या राज्यात?’

‘कुठल्याच न्हाई. समुद्रात हाय.’

‘समुद्रात असलं म्हणून काय झालं? हद्द असत्याच की. कुणीतरी म्हणत असंल आमचं, दुसरा म्हणत असंल आमचं.’

यावर अख्खा मांडव हसला. मी हसलो नाही, हसलं की शिरस्त्राणाचा पत्रा नाकाला लागतो. पण आमच्या भागात हा प्रश्न काय चुकीचा? 1956 साली राज्यं वाटली तेव्हा आम्ही जिकडं जायचं म्हणत होतो तिकडं गेलो नाही. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 ला आला, तो महाराष्ट्रानं मानला नाही. 2004 साली दावा सुप्रीम कोर्टात गेला, तो अजून तिथंच आहे. मधून मधून हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बसेस अडतात, काचा फुटतात, दोन दिवस पेपरात फोटो येतात. तेव्हा घरात मयत झालं तरी कोल्हापूरच्या पाहुण्यांना फोनवरच रडावं लागतं. एखादं बेट दिसलं की आमचा माणूस आधी हद्द विचारणार नाहीतर काय, नारळपाण्याचा भाव विचारणार?

‘बरं, उतारा कुणाच्या नावावर हाय?’ आज्जा काही सोडेना.

‘कशाचा?’

‘बेटाचा. हाटेल बांधलंय म्हणजे जमीन कुणाची तरी घेतली असंल. आधी काय पिकत हुतं तिथं?’

मी भाच्याकडं बघायला मान वळवली. मान वळली नाही. भाचा अंधारातूनच म्हणाला, ‘आज्जा, ते स्टोरीत न्हाई.’

‘स्टोरीत न्हाई म्हणजे गेलं काय? माझं वडगावचं शिवार हाय. बासमती पिकवत आलोय, शिजली की चार घरं वास जायचा. हलगा-मच्छे बायपासला गेलं त्यातलं. आमी कोर्टात गेलो, रस्त्यावर बसलो. तवा असला पत्र्याचा गडी आला की. हेल्मेट घालून, ढाल घेऊन, बूट आपटत. खरं जेसीबीच्या बाजूला उभा ऱ्हायला.’

आता कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी अंगातलं सगळं काढून टाकावंसं वाटलं, पण स्क्रू ड्रायव्हर डिझेलला गेला होता.

आज्जानं छत्री दहशतवाद्यावर रोखली. ‘आणि तू गा? तू कशाला पेटवूलास?’

खलनायकानं कप खाली ठेवला. ‘मी व्हिलन हाय, आज्जा.’

‘ते कळलं. मागणी काय हाय तुझी? डीसी ऑफिसला निवेदन दिलास काय?’

‘न्हाई. मी डायरेक्ट आग लावतो.’

‘असं डायरेक्ट कसं चालंल? आधी निवेदन. मग धरणं. मग मोर्चा. मग कोर्टात तारीख.’

इथं भाच्याला स्फुरण चढलं. तो पुढं येऊन सांगू लागला की या आगवाल्याचं नाव फायरब्रँड, तो कॉमिकात 1970 साली आला, आणि तो आधी साधा कार्यकर्ता होता, धरणं धरायचा, निदर्शनं करायचा, लोकांनी थुंकलं, मार खाल्ला, मग डोकं फिरलं आणि त्यानं चिलखत घालून आग हातात घेतली.

‘म्हणजे ह्यानंपण आधी बसून बघितलं,’ आज्जा म्हणाला. मग जरा विचार करून, ‘खरं आग लावू नये. आग लावली की आपलीच माणसं आत जात्यात. हाटेलवाला इन्शुरन्स घेतोय.’

पन्नास-साठ वर्षं अमेरिकेत ज्याच्यावर कॉमिकं छापली त्या भांडणाचा निकाल या माणसानं चहाचा कप संपायच्या आत लावला. आणि मी? मी मधे उभा, हॉटेलवाल्याचा वॉचमन. तो शब्द कुणी उच्चारला नाही, पण गर्दीतली दोन-तीन माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला ओळखीची आहे. कर्जाचा हप्ता थकला म्हणून मी सोसायटीतर्फे घरी जातो तेव्हा लोक अशीच बघतात.

मग आज्जानं बगलेतली पिशवी उघडली. घडी घातलेला एक कागद बाहेर आला. ‘शिकलेला हायस न्हवं? हे जरा वाच.’

माझ्या हातात पत्र्याचे पंजे. कागद धरता येईना, आणि डोळ्यांच्या फटीतून अक्षर दिसलं तेवढं कन्नड. मी बोलायचं कन्नड बोलतो, सरकारी कन्नड वाचायला मला अर्धा दिवस लागतो. इथं आमच्या मागणीला किती वर्षं झाली, कागद मराठीतून द्या म्हणून, ते पुन्हा काय सांगायचं. खलनायक कन्नड शाळेत शिकलेला. तो उठला, पायातली आग गोळा करून खांद्यावर टाकली आणि कागद घेतला.

‘अंधार हाय,’ तो म्हणाला.

आज्जानं माझ्या चिलखताला बाजूनं धरून मला दिव्याच्या खांबागत वळवलं. ‘जरा वाक की गा. उजेड खाली पडू दे.’

वाकता येत नाही म्हटलं तर म्हणतो, ‘मग कशाला घातलास हे?’

शेवटी खलनायकानंच कागद माझ्या छातीला लावून वाचला. जमिनीच्या मोजणीबद्दल काही हरकत असेल तर पंधरा दिवसांत कागदपत्रं घेऊन हजर राहावं. खाली तारीख. ती मागच्या महिन्यातली.

‘मुदत गेली, आज्जा.’

‘आरं, हे मला सोमवारी मिळालंय!’

कुणीतरी म्हणालं, वकिलाला दाखवा. कुणीतरी वकिलाचा नंबर देऊ लागलं. खलनायक आज्जाला सांगत होता की उद्या सकाळी ये, मी सोबत येतो, पोचल्याची तारीख लिहून अर्ज देऊया. अतिशय सज्जन माणूस. त्याला ट्रॉफी मिळाली त्याबद्दल माझी तक्रार नाही. थोडी आहे.

आणि नेमकी तेव्हाच लाईट आली. फॅन गरगरला, आग उसळली, टेप जिथं थांबली होती तिथून गरजली, ‘...तो अवतरला! सावधान, दहशतवाद्या!’ मागून पडदेवाला ओरडला, ‘मार, मार, तुझी एंट्री हाय!’ मी काय करणार? ठरल्याप्रमाणं दोन पावलं पुढं टाकून खलनायकाच्या खांद्यावर पंजा ठेवला. त्याच्या हातात अजून आज्जाचा कागद.

‘ए! त्याला हात लावू नगंस! चांगला माणूस हाय त्यो!’ आणि छत्री. टोक नव्हे, आता मूठ.

लोकांना वाटलं, हे देखाव्यातच आहे. अशा टाळ्या पन्हाळ्याला पडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट, आणि जो तो विचारतोय, ‘छत्रीवाला कधी येतोय?’ कमिटीनं वडगावला माणूस पाठवला त्याला रोज आणायला. आज्जानं निरोप दिला की त्याला वेळ नाही, त्याला अर्ज द्यायला जायचंय.

समारंभ संपल्यावर खजिनदारांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, निदान आता तरी चार शब्द बोलतील. त्यांनी खिशातून वही काढली. ‘डबा छातीवर चेपलाय. तो पत्रा पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांच्या मावळ्याला वापरायचा होता. साडेतीनशे होतील.’

‘मी चेपला काय? त्या आज्जाकडनं घ्या.’

‘त्याच्याकडं कोण मागणार?’ खजिनदार म्हणाले. ‘छत्री हाय त्याच्याकडं. तू हप्त्यानं दे.’