गारिबाल्दी दिसला का?

इटलीतल्या लुक्का शहराला जायचा बेत बायकोचा. पिसाहून आगगाडीने साधारण अर्धा तास. पिसात बरं होतं. मनोराच तिरका, त्यामुळे आपण हवेत दोन हात टेकवायचे, फोटो काढायचा, सुटलो. लुक्कात मात्र मान थेट वर करायची होती, आणि माझ्या मानेचे मणके माझ्याआधीच निवृत्त झालेत.

चौकात सान मिकेले इन फोरो नावाचं चर्च. रोमनांचा फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, इथेच होता, म्हणून ‘इन फोरो’. समोरून पाहिलं की छाती दडपते. खाली कमानी, त्यावर खांबांचे चार मजले. कुठे पिळाचा खांब, कुठे नक्षीचा, आणि सगळ्यात वर पंख पसरलेला देवदूत मिकेले, भाल्याने ड्रॅगनला टोचतोय. मग सहज बाजूला गेलो तर चर्चचं छप्पर दोन मजले आधीच संपलेलं! वरचे दोन मजले पाठीशी काही नसताना नुसते आकाशात उभे. छप्पर उंच न्यायचं होतं म्हणून दर्शनी भिंत आधी उंच बांधली, मग पैसे संपले, असं सांगतात. आमच्या सोसायटीचंही असंच झालं. आधी कमान झाली, पाण्याच्या टाकीची वर्गणी अजून चालू आहे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे वासासुद्धा नाही.

मी हे कौतुकाने सांगायला वळलो, तोवर बायकोने मोबाइलवर वाचायला घेतलं होतं.

“अहो, 19व्या शतकात डागडुजी केली ना, तेव्हा झिजलेली डोकी काढून नवी बसवली. त्यात गारिबाल्दी आहे. शोधा.”

आता हा गारिबाल्दी म्हणजे इटली एक करायला तलवार घेऊन निघालेला, पोपच्या राज्यावर चालून गेलेला माणूस. त्याचं डोकं चर्चवर! शिवाय इटली एक करणाऱ्यांतला मुत्सद्दी कावूर, त्याचंही आहे म्हणे.

शोधलं. दहा मिनिटं शोधलं. डोकी पुष्कळ, दाढीवालीही असावीत, पण खालून सगळी सारखीच, लिंबाएवढी. मान कडकड वाजली. चष्मा काढला, घातला, पुसला. एक कबुतर तेवढं स्पष्ट दिसलं.

“दिसला का?”

हा स्वर ओळखीचा होता. लग्नात भर दुपारी गुरुजींनी मंगल कार्यालयाच्या पत्र्याकडे बोट करून विचारलं होतं, “ध्रुव दिसला का?” मागे पंगत खोळंबली होती. मी म्हणालो होतो, “दिसला.” शेजारी ही म्हणाली होती, “मलापण.” एकतीस वर्षांचा संसार त्या पत्र्यावर उभा आहे.

“दिसला,” मी म्हणालो.

“कुठे?”

हे गुरुजींनी विचारलं नव्हतं. मी बोट अंदाजे वर केलं. “तो काय, दुसऱ्या मजल्यावर. दाढीवाला.”

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “हं,” म्हणाली. मग म्हणाली, “देवदूताच्या बोटातली अंगठी चमकते म्हणतात, चौकातल्या ठरावीक जागेवरून. रात्री येऊ.”

म्हणजे आणखी एकदा मान.

आत गेलो. आत अंधार होता, गारवा होता आणि मुख्य म्हणजे बाक होते. फिलिप्पिनो लिप्पीचं चार संतांचं चित्र मी मान अजिबात न हलवता पाहिलं. त्यातला संत रॉक प्लेगपासून वाचवतो म्हणतात. मणक्यांचं कोणाकडे असतं, ते विचारायला तिथे कोणी नव्हतं.

बाहेर आलो तर पायरीपाशी मराठी कानावर पडली. ठाण्याचं जोडपं. गृहस्थांच्या मानेला चक्क पट्टा.

“काय बघायचं असतं हो इथे?” त्यांनी विचारलं.

“गारिबाल्दी आहे वर,” आमची बायको उत्साहाने म्हणाली. “दुसरा मजला. ह्यांनी शोधला.”

त्यांच्या सौभाग्यवतींनी लगेच त्यांच्याकडे पाहिलं. “दिसला का हो?”

गृहस्थांनी पट्टा दोन्ही हातांनी धरून अख्खं अंग मागे कलंडवलं, वर पाहिलं, मग एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“दिसला की,” ते म्हणाले. “दाढी आहे त्याला.”