नेकप्लेटवरचा क्रमांक आणि गिटारचे वर्ष

आपली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या नेकप्लेटवर (नेक म्हणजे मान, ती बॉडीला जोडणाऱ्या पट्टीवर) ‘एल’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर क्रमांकांच्या तक्त्यावरून निर्मितीचे वर्ष कळते, मग त्यासाठी नेक आणि पिकगार्ड (बॉडीवरचे पुढचे आवरण) उघडण्याचा माझा सल्ला वाद्याला घातक आहे, असा आपला आक्षेप आहे. वाद्याविषयीची आपली काळजी रास्त आहे. तक्त्यावरचा विश्वास मात्र मला पटत नाही.

नेकप्लेट ही चार स्क्रूंनी बसणारी धातूची पट्टी आहे आणि ती सहज बदलता येते. शिवाय फेंडरच्या फुलर्टन येथील कारखान्यात या पट्ट्या क्रमवारीने वापरल्याच जात नसत. हाताला येईल ती बसवली जाई. म्हणून १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंतच्या ‘एल’ क्रमांकांवरून केवळ ढोबळ काळ कळतो.

नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा शाईचा शिक्का अधिक बोलका असतो, पण तोही नीट वाचावा लागतो. ‘२ ऑक्टोबर ६३ बी’ असा शिक्का दिसला की अनेक जण २ ही तारीख समजतात. प्रत्यक्षात तो स्ट्रॅटोकास्टरच्या नेकचा सांकेतिक अंक आहे आणि ‘बी’ हे नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, असलेल्या नेकच्या रुंदीचे अक्षर. महिना आणि वर्ष खरे, परंतु ते नेकचे. गिटार जुळवली गेली ती त्यानंतर.

पिकगार्डखालच्या पॉटवरच्या, म्हणजे आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या भागावरच्या, आकड्यांचेही तसेच आहे. ३०४६३२० मध्ये ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा संकेत, ६३ हे वर्ष आणि २० हा आठवडा. म्हणजे पॉट मूळचा असेल, तर गिटार त्याआधीची असू शकत नाही, एवढेच सिद्ध होते. १९६६ मध्ये फेंडरने पॉटचा इतका मोठा साठा घेतला की त्या वर्षाचे पॉट १९६९ च्या गिटारींतही सापडतात. न उघडता दिसणाऱ्या खुणाही पडताळाव्यात: १९६५ च्या अखेरीस आलेला मोठा हेडस्टॉक (नेकचे खुंट्या असलेले टोक) ‘एल’ पट्टीसोबत दिसला, तर विक्रेत्याला खुलासा विचारलाच पाहिजे.

नुकसानीच्या मुद्द्यावर मी आपल्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. तारा सैल केल्याशिवाय पिकगार्ड उचलू नये, नेकचे स्क्रू वारंवार काढू नयेत, आणि पॉटला वायरी जोडणाऱ्या सोल्डरला (डाखाला) तर अजिबात हात लावू नये, कारण पॉट मूळचा की नंतर बसवलेला, हे ठरवताना न छेडलेला जोड हाच सर्वांत भक्कम पुरावा असतो.