दार लावताना जपून

दोन्ही हातांत सामान असलं की गाडीचं दार कमरेनं लावणं समजण्यासारखं आहे. माझे दोन्ही हात रिकामे असतात. तरी मी गाडीतून उतरतो, वळतो, अंतराचा अंदाज घेतो आणि कमरेचा एक ठुमका देऊन दार लावतो. शेजाऱ्यांना आधी वाटलं, पाठीचं काही दुखणं असेल. हल्ली ते विचारत नाहीत, फक्त बघतात.

कारण साधं आहे. दाराला हात लावला की मला शॉक बसतो. ‘चट्’ असा आवाज, बोटाच्या टोकाला सुई टोचल्यासारखी कळ आणि तोंडातून चारचौघांत न शोभणारा एक शब्द. सगळा कारभार डोळ्याचं पातं लवायच्या आत आटोपतो. पण त्याची धास्ती? ती शेवटच्या वळणापासूनच सुरू होते. गाडी थांबली की मी उगाच आरसा नीट करतो, रेडिओ बंद करतो, खिसे चाचपतो. मग दात आवळून, डोळे अर्धे मिटून एक बोट पुढे करतो. गंमत अशी की असं जपून पुढे केलेलं एकटं बोटच सगळ्यात जास्त पोळतं. सगळी ठिणगी त्या एवढ्याशा टोकावर येऊन पडते. अख्खा तळहात धाडकन टेकवणाऱ्याला तितकं लागत नाही. पण असं धाडस असतं, तर मी हा लेख कशाला लिहिला असता!

गाडीत कुठेतरी करंट उतरतोय अशी माझी खात्री होती, म्हणून मेकॅनिककडे गेलो. त्यानं मीटर लावला, वायरी तपासल्या आणि दाराला दहा वेळा पंजा लावून दाखवला. काही झालं नाही. “साहेब, बॅटरी बारा व्होल्टची. ती कसला शॉक देणार?” असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर डॉक्टर पेशंटकडे पाहतात, तसं.

त्याचं बरोबर होतं. बिघाड गाडीत नव्हता, माझ्यात होता. आपले कपडे सीटवर घासतात तेव्हा विद्युतभाराची देवाणघेवाण होते. बसून आहोत तोवर दोन्हीकडचे भार एकमेकांना खेटून गप्प असतात. आपण उठलो की ताटातूट होते आणि आपल्या वाट्याचा भार घेऊन आपण बाहेर पडतो. बुटांचे तळवे रबराचे, त्यामुळे तो जमिनीत उतरत नाही. हवा कोरडी असेल तर विचारूच नका. त्या क्षणी अंगावर 10,000 व्होल्टही असू शकतात. 3,000च्या आत असेल तर सहसा कळतसुद्धा नाही. म्हणजे दर वेळी कळतंय याचा अर्थ मी बऱ्यापैकी कर्तबगार आहे. भार मात्र इतका किरकोळ असतो की जीव जात नाही, फक्त अब्रू जाते.

या दुःखाला इतिहासही आहे. 1746 मध्ये मुशेनब्रुक नावाच्या डच प्राध्यापकाला वीज साठवलेल्या बरणीचा असा झटका बसला की फ्रान्सचं अख्खं राज्य दिलं तरी पुन्हा हात लावणार नाही, असं त्यानं कळवून टाकलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरूनं राजासमोर 180 सैनिकांना हातात हात देऊन उभं केलं आणि सगळ्यांना एकदम शॉक देऊन उडवलं. राजा खूश झाला म्हणतात. सैनिकांना कोणी विचारलं नसावं.

उपाय बरेच केले. गाडीच्या मागे जमिनीला घासणारा पट्टा लावला. भार माझ्या अंगावर, पट्टा गाडीला. त्याचा काय उपयोग? सिग्नलला तीन जणांनी काच वाजवून “खाली काहीतरी लोंबतंय” एवढं सांगितलं. मग कळलं की धातूची किल्ली घट्ट धरून तिचं टोक आधी टेकवायचं. ठिणगी किल्लीवर पडते, बोट वाचतं. पण माझ्या गाडीची किल्ली प्लास्टिकची. म्हणून मी जुन्या कपाटाची किल्ली खिशात बाळगू लागलो. पार्किंगमध्ये गाडीला कपाटाची किल्ली लावणाऱ्या माणसाकडे सुरक्षारक्षक कसा पाहतो, ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही.

खरा उपाय फुकटचा आहे. सीटवरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरायचा आणि दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचा नाही. भार उठता उठताच निघून जातो, कळत नाही. (पेट्रोल भरताना मात्र चेष्टा नको. मध्येच गाडीत जाऊन बसायचं आणि उतरून थेट नोझलला हात लावायचा, असं करू नये. तिथे वाफ असते आणि ठिणगीला तेवढंच हवं असतं.) मला हे सगळं तोंडपाठ आहे. पण उतरताना नेमका फोन वाजतो, त्या हातात फोन येतो आणि चौकट राहून जाते.

परवा असंच झालं. दार कमरेनं लावलं, शॉक चुकवला म्हणून स्वतःवर खूश होत पुढे गेलो आणि बायकोच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. चट्! पिशवी खाली, ती दोन पावलं मागे.

आता मी उतरलो की ती लांबूनच ओरडते, “आधी गाडीला हात लाव, मग मला!”