मैदान मोकळं कसं करावं

आरक्षित मैदान गिळायचं म्हटलं की लोकांना रातोरात उभ्या राहणाऱ्या पत्र्याच्या शेड आठवतात. छे, इतकी दगदग कशाला? तुम्ही नुकतेच नगरसेवक झालात, अंगात हुरूप आहे, मान्य. पण मैदान घालवायला हुरूप लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ घ्या आणि कलम १२७ उघडा. विकास आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादन झाली नाही, संपादनाची कारवाईही सुरू झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत. काय सोज्वळ शब्द आहे! मेलं म्हणायचं नाही, मारलं तर नाहीच नाही.

म्हणजे तुमच्या हाताशी १२ वर्षं आहेत. दोन निवडणुका आरामात निघतात.

अगदीच स्वस्थ बसलात तर बोभाटा होईल, म्हणून दर अंदाजपत्रकात भूसंपादनाला भरघोस तरतूद ठेवा. टाळ्या घ्या. मार्च जवळ आला की वर्गीकरणाचा ठराव करून तोच पैसा पेव्हर ब्लॉककडे वळवा. ब्लॉक गेल्याच वर्षी बसवलेत? उखडून पुन्हा बसवता येतात. कुणी विचारलंच, तर मालक रोखीऐवजी टीडीआर (म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घेतोय, बोलणी चालू आहेत, असं सांगावं. बोलणी चालूच असतात.

नोटीस आली की मात्र सावध. एखादा उत्साही अधिकारी खरोखरच भूसंपादन मार्गी लावून बसायचा. त्याला समजवा, जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र धाडून द्या, जावक क्रमांकासह. नुसता ठराव किंवा पत्र म्हणजे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगून ठेवलंय. तुमच्या दृष्टीने याहून सोयीचा निकाल कुठला? पत्र धाडल्याचं पुण्यही लागतं आणि जागाही जाते.

जागेवरचा फलक तेवढा शाबूत ठेवा. ‘नियोजित क्रीडांगण’. गंजून ‘क्री’ची वेलांटी गेलेली, खांबाला कुणाची तरी शेळी बांधलेली, पलीकडे पोरांनी विटांचे स्टंप रचलेले. फलक दिसला की लोकांना वाटतं, होतंय काहीतरी. पोरांना मुळीच हुसकावू नका. १२ वर्षांत ती आपोआप मोठी होऊन नोकरीला लागतात.

आणि जागा चुकून ताब्यात आलीच, तर सुशोभीकरण आहे. कमान, कारंजं, समाजमंदिर, पार्किंग. मोकळं काही उरता कामा नये.

कायद्याने २० वर्षांच्या आत आराखडा सुधारावा लागतो. तेव्हा या भूखंडावर ‘निवासी’ रंग भरा आणि हद्दीत नव्याने आलेल्या गावात तेवढंच मैदान हिरव्या रंगात दाखवा. फलक इथलाच नेता येईल. खांब तेवढा नवा लागेल. त्याला तरतूद आहे.