स्वस्त आयातीचा त्रास होतोय? मग सरकारदरबारी असं रडा

तर तुमचा कारखाना आहे, माल बरा निघतो, किंमत जरा चढीच आहे, आणि आता बाहेरच्या देशातनं कोणीतरी तसाच माल निम्म्या भावात आणून विकायला लागलंय. साधा माणूस असता तर मशीन बदललं असतं, खर्च कमी केला असता, नाहीतर गपचूप दुसरा धंदा बघितला असता. पण तुम्ही साधे नाही, तुम्ही आयात शुल्क मागायला निघालाय. शाब्बास. फक्त जायच्या आधी थोडी तयारी करा.

सगळ्यात आधी, "माझा नफा" हे शब्द चुकूनही तोंडातून निघता कामा नयेत. देश म्हणायचं, कामगार म्हणायचं, आणि काहीच सुचलं नाही तर सुरक्षा म्हणायचं. सुरक्षेत वाट्टेल ते बसतं हो. 2018 साली अमेरिकेने पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावलं ते राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने, आणि काही महिन्यांची सूट संपल्यावर त्यात कॅनडासुद्धा आला. कॅनडा! नाटोमधला जोडीदार, सीमेला सीमा लागून. मित्राकडून पत्रा घेतला की देश धोक्यात येतो हे जर खपतं, तर तुमची बटणं आणि छत्र्या कशाला अडतायत.

दुसरं म्हणजे शुल्क परदेशी कंपनी भरते असं छातीठोकपणे सांगत राहा. खरं तर बंदरात पैसे भरतो तो आपलाच आयातदार, आणि तो काही दानधर्म करायला बसलेला नसतो, परदेशी विक्रेत्याने भाव पाडला नाही तर तो ते किमतीत घालून पुढे ढकलतो. याच 2018 साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. मशीन साधारण 12 टक्क्यांनी महागली, ते ठीक, अपेक्षितच होतं. गंमत कपडे वाळवायच्या ड्रायरची झाली. ड्रायरवर एका पैशाचं शुल्क नव्हतं, पण लोक दोन्ही जोडीने घेतात, मग कंपन्यांनी ड्रायरचेही भाव तेवढेच वाढवले. देशात बनवणाऱ्यांनीही वाढवले, का नाही वाढवणार, समोरचा महाग झाल्यावर आपण स्वस्त विकायला आपल्याला काय वेड लागलंय. अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशोब मांडला तर साधारण 1,800 नोकऱ्या तयार झाल्या होत्या आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला जवळपास 8 लाख 15 हजार डॉलर गेले होते. एवढ्यात त्या कामगाराला घरी बसवून कितीतरी पट पगार देता आला असता. पण हे कोणी बोलत नाही, आणि तुमचं सगळं यश त्यातच आहे. 1,800 जणांचा कारखान्याच्या गेटवर फोटो निघतो. ज्याने मशीनला जास्त पैसे मोजले तो घरी जाऊन फक्त "महागाई वाढलीय" एवढंच म्हणतो.

मीटिंगमध्ये कोणीतरी शहाणा डेव्हिड रिकार्डो या जुन्या इंग्रज अर्थतज्ज्ञाचं नाव काढेल, तेव्हा लगेच चहा मागवा. कारण त्याला दोन मिनिटं बोलू दिलं तर वाट लागेल. रिकार्डोने 1817 मध्येच मांडून ठेवलंय की समजा ठराविक कापड बनवायला इंग्लंडला 100 माणसं लागतात आणि ठराविक वाईनला 120, पोर्तुगालला त्याच कापडाला 90 आणि वाईनला 80. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत सरस. मग त्याने इंग्लंडकडून काहीच घेऊ नये असं आपल्याला वाटतं ना? तर नाही. पोर्तुगालने 80 माणसांची वाईन देऊन कापड घेतलं तर 90 माणसांचं काम 80 मध्ये झालं, आणि इंग्लंडला 120 माणसांची वाईन 100 मध्ये पडली. दोघंही फायद्यात, लुबाडलं कोणीच गेलं नाही. किती वाईट! यावर खरं उत्तर नाहीये, त्यामुळे "हे पुस्तकी आहे" म्हणा आणि चहा अजून का नाही आला ते विचारा. (कापडवाला उद्या सकाळी वाईनवाला कसा होणार, मधल्या काळात त्याने खायचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. पण तो विचारू नका, नाहीतर सरकार त्याला ट्रेनिंग आणि भत्ता देईल आणि तुम्हाला काहीच मिळणार नाही.)

हां, शुल्काऐवजी कोटा, म्हणजे बाहेरून किती नग येतील यावरच मर्यादा, मागायचा मोह होईल, तो जरा आवरा. 1981 मध्ये अमेरिकेने जपानच्या मागे लागून वर्षाला 16 लाख 80 हजारच गाड्या पाठवायचं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. जपानी म्हणाले बरं. गाड्या मोजूनच पाठवायच्या तर स्वस्त छोट्या कशाला पाठवा, मोठ्या आणि महागड्या पाठवू. टंचाईमुळे भाव चढले, आणि शुल्क असतं तर जो पैसा अमेरिकेच्या तिजोरीत गेला असता तो सरळ जपानी कंपन्यांच्या गल्ल्यात. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

समोरचा देश पण गप्प बसणार नाही, तो तुमच्या इथल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी मालावर शुल्क लावेल. लावू दे. चीनने अमेरिकन सोयाबीनवर लावलं तेव्हा अमेरिकन सरकारने आपल्या शेतकऱ्यांसाठी 2018 मध्ये 12 अब्ज डॉलरपर्यंतची आणि पुढच्या वर्षी 16 अब्जांची मदत जाहीर केली. आधी ग्राहकाकडून घ्यायचं, मग करदात्याकडून, आणि दोघंही एकच माणूस. त्याला कळेपर्यंत पुढची निवडणूक येते.

शेवटचं म्हणजे अर्जात "तात्पुरते" हा शब्द ठळक लिहा. 1960 च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर शुल्क वाढवलं, चिडून अमेरिकेने 1964 पासून बाहेरच्या हलक्या ट्रकवर 25 टक्के लावले. कोंबड्यांचं भांडण कधीच विझलं पण शुल्क साठ वर्षं उलटली तरी जागचं हललं नाही. प्रवासी गाडीवर मात्र अडीचच टक्के होते, म्हणून फोर्डने तुर्कस्तानात बनवलेल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागे सीट बसवल्या, खिडक्या लावल्या, आणि प्रवासी गाडी म्हणून अमेरिकेत उतरवल्या. उतरल्या की गोदामात नेऊन सीट उपटायच्या, खिडक्या काढून पत्रा ठोकायचा. म्हणजे सीट बसवायला एक माणूस, उपटायला दुसरा. 2024 मध्ये त्या प्रकरणात फोर्डने अमेरिकन सरकारला 36 कोटी 50 लाख डॉलर भरायचं कबूल करून तडजोड केली, पण त्याने काय होतं, रोजगार तर झाला ना? अर्जात हाही मुद्दा टाका.