‘गोळी आजच बंद करा’ लिहिणाऱ्या महाशयांस

माझी थोरली बहीण औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ६१. गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला तिचा फोन आला. "अरं, हात थरथरूलालेत बघ माझे. दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई. आजार उलटला वाटतं." बोलताना बशीवर कप खुळखुळत होता, तिच्याच हातातला. तेवढ्यात सुनेनं मिक्सर लावला तर अक्का तिच्यावर अशी खेकसली की मीच दचकलो. अक्काचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

खोदून विचारल्यावर कळलं, चार दिवसांपूर्वी तिनं टेन्शनच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या. कामून? तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला म्हणून.

मी लातुरात २२ वर्षं मेडिकल चालवतो. सख्ख्या भावाला न विचारता बहिणीनं ग्रुपचं ऐकलं याचा राग आहे, आणि तो या लिहिण्यात दिसेल. मेसेज थोडक्यात असा: ‘टेन्शनच्या गोळ्या म्हणजे सरकारमान्य दारू. आठ दिवसांत व्यसन लागतं, डॉक्टर हे सांगत नाहीत. आजच बंद करा, तीन दिवसांत रक्त स्वच्छ होतं. रात्री घेतली तर झोपेत हृदय बंद पडतं. घ्यायचीच असेल तर सकाळी घ्या, तीही त्रास होईल तेव्हाच. त्यापेक्षा दुधात जायफळ आणि अश्वगंधा घ्या. मन खंबीर असेल तर गोळी लागत नाही.’ शेवटी जोडलेले हात, आणि दहा जणांना पाठवायची आज्ञा. अक्कानं ती पाळली. अकरा जणींना पाठवला.

सगळ्यात आधी ‘आजच बंद करा’. बाकीच्या वाक्यांनी नुकसान होईल, या वाक्यानं माणूस जाऊ शकतो.

अक्का रात्री क्लोनाझेपाम घेत होती, अर्धा मिलिग्रॅम, दीड वर्षापासून. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही त्याचीच भावंडं. मेंदूत चलबिचल शांत करणारं एक रसायन असतं, त्याचा जोर ही औषधं वाढवतात. महिनोन् महिने असा बाहेरून जोर मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. मग एके दिवशी गोळी काढून घेतली की उसानं भरलेली ट्रॉली उतारावर आणि ब्रेकच नाही, अशी गत. हात कापणं, घाम, झोप उडणं, आवाज सहन न होणं ही सुरुवात. पुढं भ्रम होऊ शकतो, फिट येऊ शकते.

हे मी दुकानात बसून रचलेलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, सप्टेंबर २०२० मध्ये या गटातल्या झाडून सगळ्या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा नव्यानं छापायला लावला. त्यांच्याकडं यापेक्षा कडक इशारा नसतो. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं घेतली तरी काही दिवस ते काही आठवड्यांच्या सलग वापरानं शरीर या औषधावर अवलंबून राहायला लागतं. दोन, ते एकदम थांबवलं किंवा फार घाईनं कमी केलं तर त्रास उलटतो, फिट येऊ शकते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

मेसेजवाल्याचं ‘आठ दिवसांत’ म्हणजे साफ थाप, असं मला ठणकावून लिहायचं होतं. पहिली गोष्ट वाचली आणि ते खोडावं लागलं. प्रत्येकाला आठ दिवसांत सवय लागते असं मुळीच नाही, पण मुद्दा हवेतला नाही, हे कबूल. फक्त महाशयांनी अर्धाच इशारा उचलला. सवय लागते हे खरं असेल, तर त्याच कारणानं ती एका दिवसात तोडायची नसते. तुमचं ‘आठ दिवसांत’ तुमच्याच ‘आजच बंद करा’च्या विरुद्ध साक्ष देतंय.

आणि ते ‘तीन दिवसांत रक्त स्वच्छ’. इथंच माणूस फसतो. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मं व्हायला ढोबळमानानं ३० ते ४० तास लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी रक्तात साधारण पाव हिस्सा अजून शिल्लक असतो. त्यामुळं पहिले दोन दिवस काहीच होत नाही. अक्कानं दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर लिहिलंही होतं, ‘मी बंद केली, एकदम बरं वाटतंय’. सात जणींनी तिला फुलं पाठवली. त्रास सुरू झाला तिसऱ्या रात्री, आणि तोवर गोळी बंद केल्याचा आणि या त्रासाचा संबंध तिच्या डोक्यातून गेला होता. तिला वाटलं आजारच उलटला. म्हणजे मेसेजची खोटी ग्वाही औषधानंच दिली, उरलेल्या हिश्श्यानं. त्या सात जणींपैकी किती जणी स्वतः गोळी घेतात, कुणास ठाऊक.

अल्प्राझोलामचं गणित आणखी वेगळं. ते सरासरी ११ तासांत निम्मं होतं. म्हणून ते घेणाऱ्या काहींना पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आतच छातीत धडधड सुरू होते. आमच्याकडं येऊन म्हणतात, "दादा, आता दोनानं भागंना." बऱ्याचदा तिथं डोस वाढवण्याऐवजी वेळा नीट वाटून द्याव्या लागतात किंवा औषध बदलावं लागतं. ते डॉक्टरांचं काम. काउंटरवरून मी ते करायचं नाही, आणि ग्रुपनं तर नाहीच.

‘सरकारमान्य दारू’. शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसनी माणूस औषधाच्या मागं धावतो, डोस वाढवत नेतो, खोटं बोलतो, घरदार बाजूला पडतं. अक्का दीड वर्ष तीच अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेत होती, आणि निम्म्या वेळा तिला आठवण सुनेला करावी लागायची. रक्तदाबाच्या काही गोळ्याही एकदम सोडल्या की दाब उसळी मारतो. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. या गोळ्यांचं व्यसन लागतच नाही असं नव्हे, लागतं. विशेषतः आधीपासून दारू असेल तर, किंवा चिठ्ठीशिवाय चार दुकानं फिरून जमवल्या तर. पण सगळ्यांना एका दोरीनं बांधलं की जो नीट घेतोय तोच लाजेनं सोडतो. खरा व्यसनी असले मेसेज वाचून काही सोडत नाही.

बरं, ‘टेन्शनच्या गोळ्या’ हा एकच गट धरलाय, तोही चूक. अक्काची सकाळची गोळी एस्सिटालोप्राम. ती या कुळातलीच नाही. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन हे तिचे सगेसोयरे. त्यांनी नशा येत नाही, त्यांची ओढ लागत नाही. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटतं, म्हणून तीही हळूहळूच उतरवायची. पण त्यातलं मोठं दुखणं वेगळं आहे. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत काहींना उलट जास्तच घाबरल्यासारखं होतं. पुष्कळ डॉक्टर सुरुवातीला थोडे दिवस जोडीला क्लोनाझेपाम देतात, ते यासाठीच.

आता ‘त्रास होईल तेव्हाच घ्या’ हा सल्ला या गोळीला लावून बघा. आज पेरायचं, चार दिवस पाणी तोडायचं, मग पुन्हा द्यायचं, आणि म्हणायचं सोयाबीन फसवं निघालं. एस्सिटालोप्राम रोज, साधारण ठरल्या वेळेला. झोप उडत असेल तर सकाळी, सुस्ती येत असेल तर रात्री. विसरलात तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. जेवणाआधी की नंतर, यानं फरक पडत नाही. म्हणून एकादशीला गोळी बुडवायचंही कारण नाही. अक्का बुडवायची, महिन्यातून दोनदा, हे मला याच भानगडीत कळलं. रमजानात माझी गिऱ्हाइकं डॉक्टरांना विचारून एकवेळची गोळी सहरीला नाहीतर इफ्तारला घेतात. त्यांचं काही अडत नाही.

‘रात्री घेतली तर हृदय बंद पडतं’. नाही पडत. सांगितलेल्या डोसात, एकट्या त्या गोळीनं, नाही. धोका आहे तो श्वासाचा, आणि तो दारूसोबत, कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधासोबत किंवा ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळीसोबत. ज्यांना दमा-फुफ्फुसाचा जुना आजार आहे किंवा झोपेत श्वास अडकतो त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. गंमत म्हणजे महाशय सकाळी घ्यायला सांगतात. क्लोनाझेपामनं गुंगी येते; ती सकाळी घेऊन गाडीला किक मारा आणि रानाकडं निघा, म्हणजे हृदयाची काळजी करायची वेळच येणार नाही.

जायफळ चिमूटभर दुधात घालावं, बासुंदीत तर घालावंच. चमचाचमचा खाल्लं तर धडधड आणि भास होतात. अश्वगंधा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर सुस्ती वाढू शकते, थायरॉईडवाल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊ नये. दीड वर्षाच्या क्लोनाझेपामची जागा यातलं काहीच घेत नाही.

आणि ‘मन खंबीर’. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर, म्हणजे किल्लारीच्या भूकंपानंतर, अक्का कित्येक वर्षं दाराला कडी न लावता झोपायची. तिच्या धसक्याला तेव्हा आजार म्हटलं नाही कुणी, गोळी तर लांबच. तशीच तिनं पावसाच्या भरवशाच्या रानात पोरं वाढवली. दीड वर्षापूर्वी भाऊजी गेले आणि तो धसका परत आला. तिला खंबीर व्हायला सांगणारा हा कोण?

‘डॉक्टर हे सांगत नाहीत’ यावर मात्र मला गप्प बसावं लागतं. सगळेच डॉक्टर असे नसतात, पण चार आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी चार वर्षं चाललेली मी पाहिली आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून सांगतात की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. म्हाताऱ्या माणसांत यानं तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, म्हणून साठीपुढं आणखी जपून. अक्कालाही दीड वर्षात ‘कधी थांबवायची’ हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी तर दर महिन्याला तिची पट्टी एसटीच्या कंडक्टरकडं देऊन पाठवत होतो.

आमच्या धंद्याचंही सांगतो. १ मार्च २०१४ पासून यातली अल्प्राझोलाम, डायझेपाम अशी काही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. तरी "दहा गोळ्या द्या की ओ, डॉक्टरकडं कशाला पाचशे घालू" म्हणणारा रोज येतो, आणि त्याला देणारं दुकानही कुठं ना कुठं सापडतं. मेसेजवाल्यानं यावर लिहिलं असतं तर मीच पुढं पाठवला असता.

तुमच्या घरात कुणी या गोळ्या घेत असेल आणि सोडायच्या असतील, तर ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याकडंच जा, नाहीतर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारवाल्यांकडं. तेही जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. आधीच सोडली असेल आणि थरथर सुरू झाली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. फिट आली तर कुणाला विचारत बसू नका, १०८ लावा.

अक्काला त्याच दुपारी लातूरला आणली. डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या पूर्वीच्याच मापानं चालू केल्या, दोन रात्रींत ती झोपली. तीन आठवड्यांनी क्लोनाझेपाम उतरवायला घेतली: ०.५ च्या जागी ०.२५ ची एक आणि ०.२५ ची अर्धी. महिनाभर एवढंच, मग बघून पुढची पायरी. अर्धी नीट तुटावी म्हणून दुकानातला गोळ्यांचा कटर तिला दिला. काल फोन केला तर म्हणाली, "अरं, त्या डबीत भुगा लई पडतोय. त्यो टाकू का खाऊ?"

"टाक," म्हटलं. "आणि ग्रुपवर लिहिलंस का, परत चालू केली म्हणून?"

"लिव्हलं की," म्हणाली. "कुणीच काही बोललं न्हाई."